दुरुस्तीवाले काका

रोमला निघालेल्या मराठी टूरमध्ये एक काका हमखास असतात. ते आपण होऊन बोलत नाहीत, दुसऱ्याच्या चुकीची वाट बघतात.

फार वेळ लागत नाही. कोलोसियमसमोर एखाद्या वहिनी म्हणतात, "बेन-हरमधली रथांची शर्यत इथलीच ना?" काकांचा चेहरा उजळतो. "छे हो वहिनी! इथे ग्लॅडिएटर. रथ तिकडे, सर्कस मॅक्सिमसला. सिनेमातली शर्यत जेरुसलेमची, आणि शूटिंग चिनेचित्ता स्टुडिओतलं!" एका प्रश्नात तीन दुरुस्त्या! काकांचे टूरचे पैसे तिथेच वसूल होतात.

सर्कस मॅक्सिमसला मंडळी हिरमुसतात. दोन टेकड्यांमध्ये सहाशे मीटरचं गवत आणि कुत्री फिरवणारे लोक. फोटो काढायचा कशाचा? काका कळवळून सांगतात, की कमीत कमी अंदाज धरला तरी दीड लाख माणूस इथे बसायचं, सात फेऱ्या व्हायच्या. मंडळी बसकडे वळलेली असतात. सांगलीकडचे एक आजोबा तेवढे थांबतात. "वळणावर उलटत नव्हते व्हय?" उलटायचे ना! सारथी लगाम कमरेला गुंडाळायचे, म्हणून ते कापायला वाकडी सुरी जवळ ठेवायचे. आजोबा मान डोलावतात. काकांना आयुष्यातला पहिला श्रोता मिळालेला असतो.

व्हॅटिकनला सगळे घुमटाकडे बघतात. काका घुमटाकडे पाठ करून चौकातल्या उंच दगडी ओबेलिस्ककडे: तो सम्राट कॅलिगुला-नीरोच्या सर्कशीतला, म्हणजे रथांच्या मैदानातला, १५८६ मध्ये इथे हलवलेला.

पियाझ्झा नव्होना या चौकाचा लांबुळका आकार पाहून एक हुशार मुलगा ओरडतो, "ही पण सर्कस!" "नाही रे बाळा, हे सम्राट डोमिशियनचं स्टेडियम. धावणं, कुस्ती. रथांना ही जागा तोकडी." मुलगा हट्टी. "मग मधला हा ओबेलिस्क?" काका थरारतात. शिल्पकार बर्निनीच्या कारंज्यावरचा तो ओबेलिस्क खरोखरच रथांच्या मैदानातून आणलाय, सम्राट मॅक्सेन्शियसच्या सर्कशीतून!

ती सर्कस शहराबाहेर, अपिया रस्त्यावर आहे. भिंती, बुरूज, मधला दुभाजक, सगळं ओळखू येईल इतकं शाबूत. पण टूरची बस तिथे थांबत नाही; जवळ चामड्याच्या पर्सांचं दुकान नाही ना! काकांचं हे एकच दुःख, आणि माझ्या मते ते रास्त आहे. रोमला आपापले गेलात तर एक सकाळ तिथे काढा. टूरबरोबर असाल तर काकांना पुढे घालून बस थांबवा.