होतकरू पोरांच्या बदल्यात एक कप्तान

प्रति,
माननीय जनरल मॅनेजर,
नॅशनल हॉकी लीगमधील कोणताही संघ (यंदाही प्लेऑफबाहेर असल्यास उत्तम)

स. न. वि. वि.

खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत तोंडावर आली आहे. संघातल्या सगळ्यांत जुन्या आणि लाडक्या फॉरवर्डचं काय करावं, या विवंचनेत आपण असणार. विवंचना सोडावी. कॅनडातल्या कॅल्गरी फ्लेम्सने हे काम कसं करावं आणि कसं करू नये, दोन्ही आधीच करून ठेवलं आहे.

आधी कसं करू नये ते. १९८५ साली कॅल्गरीने केंट निल्सनला मिनेसोटाकडे धाडलं. एका हंगामात १३१ गुण मिळवलेला स्वीडिश कलावंत, वय अवघं २८. बदल्यात मिळाल्या नवोदित खेळाडूंच्या ड्राफ्टमधल्या दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी, म्हणजे नुसता वायदा. त्यातल्या पहिल्या निवडीवर जो न्यूएनडाइक आला. पहिल्याच पूर्ण हंगामात त्याने ५१ गोल ठोकले आणि १९८९ साली स्टॅन्ली कप जिंकणाऱ्या संघातही तो होता.

पुढे न्यूएनडाइक कराराच्या पैशांवरून अडून बसला. १९ डिसेंबर १९९५ रोजी कॅल्गरीने त्याला डॅलसला दिलं (डॅलस म्हणजे गाव बदललेलं तेच मिनेसोटा, गिऱ्हाईक जुनंच). त्याचं वय तेव्हा २९. बदल्यात आले कोरी मिलन आणि कॅमलूप्सच्या ज्युनियर संघातला अठरा वर्षांचा जरोम इगिन्ला. डॅलसने १९९९ साली कप जिंकला आणि प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला न्यूएनडाइक. कॅल्गरीला इगिन्लाने पुढे ५२५ गोल दिले आणि २००४ साली कप एका विजयावर आणून ठेवला. सौद्यात दोन्ही बाजूंचं भलं व्हावं, ही व्यवहारशास्त्रातली अक्षम्य चूक. ती घडली, कारण माल ऐन भरात असताना विकला गेला.

शहाणा माणूस थांबतो. कॅल्गरीही शिकली आणि थांबली. २०१० साली प्लेऑफ हुकले, २०११ साली हुकले, २०१२ सालीही हुकले. पण कप्तान इगिन्लाला हात लावायचा नाही म्हणजे नाही! अखेर मार्च २०१३ मध्ये मुहूर्त सापडला. इगिन्ला पस्तिशीत, करार उन्हाळ्यात संपणारा आणि वर त्या करारात त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता येणार नाही असं कलम. विकणाऱ्याने स्वतःचे हात इतके नीट बांधून घेतल्याचं दुसरं उदाहरण सहसा सापडणार नाही. तो ज्यांच्याकडे जायला तयार होता ते संघ मोजके, ही गोष्ट सगळ्या बाजाराला ठाऊक.

बोस्टनला तर सौदा आपलाच झाला असं वाटत होतं. मांडव सजल्यावर नवरदेव पलीकडच्या गल्लीत बोहल्यावर चढल्याचं कळलं: इगिन्लाने पिट्सबर्ग पसंत केलं. बोस्टनने देऊ केलेल्या दोघांपैकी अलेक्झांडर खोखलाचेव्ह लीगमध्ये मोजून ९ सामने खेळला आणि मॅट बार्टकोव्स्की २०१७ साली कॅल्गरीला मिळाला, कुणालाही न देता. तेव्हा हुकल्याचं दुःख फार करू नये.

पिट्सबर्गकडून आले केन अगोस्टिनो आणि बेन हनोव्स्की हे कॉलेजातले दोन होतकरू आणि पहिल्या फेरीची एक निवड. अगोस्टिनोने पुढच्याच महिन्यात येल विद्यापीठाच्या संघातून राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, तेही पिट्सबर्गमध्येच. निवडीवर २८ व्या क्रमांकाने मॉर्गन क्लिमचक आला आणि कॅल्गरीकडून एक सामना खेळला. तिघांचे मिळून कॅल्गरीसाठी तीस सामनेही भरत नाहीत. वाईट मानू नये. पोरांचा दोष तरी काय? ५२५ गोल करणाऱ्याच्या बदल्यात येता का, असं त्यांना कुणी विचारून आणलं नव्हतं. पस्तिशीच्या, दोन-तीन महिने उरलेल्या कराराला बाजारात तोच भाव होता. खरा भाव तीन-चार वर्षांपूर्वी मिळाला असता, पण तेव्हा प्रेक्षक रागावले असते आणि तिकीटविक्रीची चिंता आपल्यासारख्या जाणकाराला सांगायला नको.

पिट्सबर्गचं म्हणाल, तर कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत त्याच बोस्टनने त्यांना ४-० ने लोळवलं. चार सामन्यांत पिट्सबर्गचे एकूण गोल दोन. उन्हाळ्यात इगिन्लाने मुकाट बोस्टनशी करार केला आणि पुढच्या हंगामात ३० गोल केले. कॅल्गरीचे जनरल मॅनेजर जे फीस्टर यांना डिसेंबरात नारळ मिळाला. आपण मात्र निर्धास्त असावं.

ताजी खबर एवढीच की इगिन्ला २०२३ पासून कॅल्गरीच्या जनरल मॅनेजरांचा सल्लागार आहे आणि पुढच्याच वर्षी त्याचा मुलगा टिज ड्राफ्टमध्ये उतरला. कॅल्गरीची पाळी नववी होती. युटाने त्याला सहाव्या क्रमांकावर उचललं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तिकीट काढून बसणारा एक हितचिंतक