सोमवारचं नाक

चेंबूरच्या माणसाच्या नाकाला शिक्षण फुकटात मिळतं. एका वाऱ्याला आरसीएफच्या खत कारखान्याचा अमोनिया, दुसऱ्याला माहूलच्या रिफायनऱ्या, तिसऱ्याला १९२७ पासून साचत आलेलं देवनारचं डम्पिंग ग्राउंड आणि मध्येच सिंधी कॅम्पातून येणारा दालपकवान तळल्याचा दिलासा. या शाळेतून पहिल्या वर्गात पास झालेली मंडळी पुढे जातात कुठे? मशीनशॉपमध्ये जातात. तिथे त्यांना मामा म्हणतात आणि धातू कापताना टूल गार ठेवणाऱ्या कूलंटची टाकी त्यांच्या ताब्यात देतात.

मामा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. ज्या गाळ्यात दोन लेथ, एक मिलिंग आणि हप्त्यावर घेतलेली एक व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणारी मिलिंग, आहे, तिथे एक मामा असतातच. खाकी शर्ट, खिशात सहा इंची पट्टी, आणि कपड्यांना असा काही वास की घरी त्यांची भिजवायची बादली वेगळी. हुद्दा टर्नर. पण टर्निंग करताना त्यांना फारसं कुणी पाहिलेलं नसतं. ते टाकीपाशी असतात.

सोमवार हा त्यांचा दिवस. शटर अर्धं वर जातं न जातं तोच आतून सडक्या अंड्यांचा भपकारा येतो. हेल्पर नाकाला रुमाल लावतो. शेठना नेमका तेव्हाच गाडीत बसून महत्त्वाचा फोन करायचा असतो. मामा मात्र सरळ आत शिरतात, टाकीवर वाकतात, दोन बोटं बुडवतात, अंगठ्यावर घासतात, हुंगतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "रविवारचा आहे. बुधवारपर्यंत जाईल."

आणि बुधवारी तो खरंच जातो! याचं श्रेय मामा घेतात, असतं ते पंपाचं. मशीनच्या स्लाइडला घातलेलं तेल, हायड्रॉलिकमधून गळलेलं तेल, असं सगळं टाकीत येऊन कूलंटवर तरंगतं. शनिवारी संध्याकाळी पंप बंद झाला की त्या तवंगाखाली हवा पोचत नाही, आणि हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंचं राज्य सुरू होतं. पाण्यातलं सल्फेट खाऊन ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सोमवारी पंप सुरू झाला, पाणी खळाळलं, की वास उडून जातो. जंतू जात नाहीत. ते पुढच्या रविवारची वाट बघत बसतात. (हाच वायू जास्त प्रमाणात असला तर सगळ्यात आधी नाक बधिर करतो. एवढ्याशा टाकीतून तेवढा निघत नाही म्हणून बरं. पण ही माहिती मामांना द्यायची कुणाची हिंमत झालेली नाही.)

कूलंट निवडण्याचा अधिकारही अर्थात मामांचाच. बॅग घेतलेला सेल्समन शेठच्या केबिनमध्ये सिंथेटिक, सेमी-सिंथेटिक, बोरॉन-फ्री असं सगळं सांगून चहा पिऊन बाहेर येतो, आणि खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते. मामा त्याच्याकडून सॅम्पल मागतात, ग्लासभर पाण्यात चार थेंब टाकतात आणि ग्लास ट्यूबलाइटसमोर धरतात. पाणी दुधासारखं पांढरं झालं तर माल चांगला. पारदर्शक राहिलं तर, "साहेब, यात तेल कुठंय?" सिंथेटिकमध्ये खनिज तेल नसतंच, म्हणूनच ते पारदर्शक असतं, हे सेल्समन परोपरीने सांगतो. मामा मान डोलावतात आणि हेल्परला म्हणतात, "साहेबांना गेटपर्यंत सोड."

दुधाळ कूलंटवरच्या या प्रेमात थोडा स्थानिक अभिमानही असावा. दुधाळ कूलंटचा जीव म्हणजे खनिज बेस ऑइल, आणि ते काढणारी देशातली सगळ्यात मोठी ल्यूब रिफायनरी हिंदुस्तान पेट्रोलियमची, तीही माहूलला. तेलाचं माहेरच हाकेच्या अंतरावर. मग जर्मन बॅरलचं कौतुक कशाला?

एरवी धातू पाहून तेल ठरवण्यात मामांचा हात धरणारा नाही. कास्ट आयर्न कोरडंच कापायचं, नाहीतर त्याची काळी पूड पाण्यात कालवून टाकीचा चिखल होतो. ॲल्युमिनियमला थोडं रॉकेल. टॅप मारताना खोबरेल, तेही शेठच्या देवघराच्या कोनाड्यातलं. पूर्वी तांबं कापताना दूध सोडायचे, असंही ते सांगतात. नव्या पोरांना ही थाप वाटते, पण जुने कारागीर तसं करत. चूक होते ती व्हीएमसीवर. हायस्पीड स्टीलच्या जुन्या टूलवर ब्रश बुडवून कूलंट शिंपडायची मामांची चाळीस वर्षांची सवय. तीच माया ते तापलेल्या कार्बाइड इन्सर्टवरही करतात. कार्बाइडला एक तर धो धो धार द्या किंवा कोरडं ठेवा. मध्येच गरम, मध्येच गार केलं की त्याला केसासारख्या भेगा जातात. इन्सर्ट फुटला की मामा म्हणतात, "चायना माल."

मिश्रणाचं प्रमाण विसाला एक. कागदावर हे सोपं दिसतं. मामांकडे त्यासाठी एक प्लॅस्टिकचा मग आहे, त्याला कान नाही आणि मापाच्या रेघाही नाहीत. त्या मगाने किती, हे फक्त मामांच्या मनगटाला माहीत. मात्र एका नियमावर ते करडे आहेत, आणि तिथे ते शंभर टक्के बरोबर आहेत. पाण्यात तेल सोडायचं, तेलात पाणी नाही. उलट केलं की थेंब उलटे बांधले जातात आणि बादलीत घट्ट, चिकट लगदा उरतो. एका नव्या हेल्परने हे केलं तेव्हा मामा त्याच्याशी दिवसभर बोलले नाहीत. जेवणाचा डबासुद्धा भिंतीकडे तोंड करून खाल्ला.

खरी भानगड पाण्याची. भातसा-तानसाहून येणारं पालिकेचं पाणी हलकं, कूलंटला मानवणारं. पण इस्टेटीत ते येतं सकाळी करंगळीएवढ्या धारेने, बाकीचा दिवस टँकरचा, म्हणजे बोअरचा. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम कूलंटमध्ये तेल धरून ठेवणाऱ्या साबणाशी भांडतं, तेल सुटून वर येतं आणि टाकीच्या कडेला पांढरा राप बसतो. त्यातून टाकीतलं पाणी उडून जातं, क्षार मात्र मागेच राहतात, आणि मामा रोज वरून पुन्हा तेच पाणी ओततात. म्हणजे जून महिन्यात टाकी भरलेली दिसते, पण आत तेल किती आणि मीठ किती हे सांगणं कठीण. खरं तर भर घालताना साध्या पाण्याऐवजी फिकं मिश्रण घालायला हवं, कारण प्रत्येक जॉब आणि प्रत्येक चिप आपल्या अंगावर थोडं तेल घेऊन जाते. मामांचं म्हणणं, "तेल कुठं जातंय? तेल जड असतं." पावसाळ्यात मग रात्री ठेवलेले जॉब सकाळी तांबूस होतात, पार्टी माल परत पाठवते, आणि मामा आकाशाकडे बोट दाखवतात.

यावर उपाय म्हणून शेठनी एकदा रिफ्रॅक्टोमीटर आणला. लहानसं नळकांडं, एका टोकाला काच. काचेवर कूलंटचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून आत बघायचं, निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतात ती रेघ वाचायची आणि त्या तेलाच्या ठरलेल्या आकड्याने गुणायचं. मामांनी तो डोळ्याला लावला, बराच वेळ बघितलं, गाळ्यातल्या सगळ्यांना श्वास रोखायला लावला आणि सांगितलं, "आकाश दिसतंय." नंतर कळलं की थेंबात तवंगाचं तेल आल्यामुळे रेघच पुसट झाली होती, म्हणजे यंत्रही खरं सांगत होतं आणि मामाही. तेव्हापासून रिफ्रॅक्टोमीटर शेठच्या टेबलावर आहे. दुपारी शेठ त्यातून समोरच्या गाळ्यात कोण आलं ते बघायचा प्रयत्न करतात.

एवढा खटाटोप कशासाठी, तर वेगासाठी. फ्रेडरिक टेलर नावाच्या अमेरिकनाने १८८०च्या दशकात मिडव्हेल स्टीलच्या कारखान्यात टूलवर पाण्याची मोठी धार सोडून पाहिली. कापण्याचा वेग चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढला. गंज येऊ नये म्हणून त्याने पाण्यात सोडा घातला, आणि १९०६ साली अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या सभेपुढे हे सगळं तपशिलाने मांडलं. हा टेलर हातात स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या हालचाली मोजायचा, प्रत्येक गोष्टीचा आकडा काढायचा. मामा आणि तो समोरासमोर आले असते तर कूलंटवर एकमत झालं असतं. मगावर मात्र मारामारी झाली असती.

टाकी पूर्ण रिकामी करायची वेळ वर्षातून एकदाच येते. पुस्तकं काही म्हणोत, मामांच्या पंचांगात तो मुहूर्त खंडेनवमीचा. हत्यारांची पूजा होणार, मशीनला झेंडूची माळ लागणार, मग तिच्या पोटात वर्षाचं शिळं पाणी कसं ठेवायचं? आदल्या रात्री मामा लुंगी वर खोचून टाकीत उतरतात. तळातून निघतात चिप्स, सुतळी, विडीची थोटकं, एक हरवलेला माइक्रोमीटर आणि कधीतरी शेठचा चष्मा. घासूनपुसून टाकी लख्ख होते. त्यासाठी मामांना नव्या शर्टाचं कापड मिळतं.

काढलेलं कूलंट कुठे जातं, इथे मात्र मला हसू येत नाही. असा तेलकट कचरा घातक कचऱ्याच्या नियमांत बसतो. २०१६च्या नियमांप्रमाणे तो परवानाधारकालाच द्यावा लागतो. मामा म्हणतात, "नव्वद-पंचाण्णव टक्के पाणीच तर आहे." ते बरोबर आहे. उरलेले पाच-दहा टक्के गटारातून नाल्यात आणि नाल्यातून माहूलच्या खाडीकडे निघतात, जिथे हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात आणि त्यांचे फोटो काढायला आपण सगळे जातो.

गेल्या वर्षी आयटीआयमधून एक पोरगा आला. हुशार, कमी बोलणारा, आणि मामांना "मामा, तुम्ही बसा" म्हणणारा, म्हणजे धोकादायकच. एका शनिवारी त्याने कापडाने वरचा तवंग उचलून घेतला आणि माशांच्या दुकानातून आणलेला, काचेच्या पेटीत बुडबुडे सोडतो तो लहानसा पंप टाकीत सोडला. रविवारभर पंप बुडबुडे सोडत राहिला. जंतूंना राज्य करायला मोकळा वेळच मिळाला नाही.

सोमवारी शटर वर गेलं. काहीच आलं नाही. शेठ चक्क गाडीतून उतरले. मामा टाकीपाशी गेले, वाकले, हुंगले. पुन्हा हुंगले. चहाचा कप नाकाशी नेला, तंबाखूची डबी उघडून पाहिली; दोन्हीचे वास ठीक होते. हेल्परला बोलावून त्यालाही वाकायला लावलं. त्याने मान हलवली. मग मामा सावकाश सरळ झाले, हात पुसले आणि सगळ्या गाळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कूलंट मेलंय. काढून टाका."

पोरगा पीएचची पट्टी घेऊन धावत आला. "मामा, पीएच नऊ आहे. एकदम बरोबर आहे, बघा ना!"

"अरे," मामा म्हणाले, "मेलेल्याचा ताप काय मोजतोस?"