मलबार हिलचे चाकरमानी

कुणकेश्वरच्या माणसाला मुंबईत समुद्र दाखवायला नेऊ नये. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी ही चूक चौघांच्या बाबतीत एकदम केली. दादा, वहिनी, त्यांची दहा वर्षांची चिंगी आणि सात वर्षांचा बाबल्या गावाहून आले होते. भांडुपच्या दोन खोल्यांत सात माणसांनी चार दिवस काढले, की पाचव्या दिवशी सहल ही चैन राहत नाही, औषध होतं.

मलबार हिल मीच ठरवलं. त्यामागे थोडा सूडही होता. दर मे महिन्यात आम्ही गावी गेलो, की दादा आम्हाला गाव दाखवतो. देवळापुढचा समुद्र दाखवतो, ओहोटीला खडकातून उघड्या पडणाऱ्या पिंडी दाखवतो, 1920 मध्ये डोंगरात सापडलेली गुहा दाखवतो. गेली अठरा वर्षं तीच गुहा तो त्यानेच परवा शोधल्यासारखी दाखवतो. शेवटी माझी बायको किनाऱ्यावर उभी राहून "किती शांत आहे ना इथं!" म्हणते आणि दादा म्हणतो, "शांत नसतला तर काय? माणसां सगळी तुमच्याकडे." त्यात खोटं काही नाही. आमच्या वाडीत निम्म्याहून जास्त घरांना कुलूप असतं. एखादा म्हातारा नाहीतर शेजारचा कोणी किल्ली सांभाळतो, खळ्यातला पाचोळा काढतो, आणि चतुर्थीला चाकरमानी येईपर्यंत घर तसंच डोळे मिटून बसलेलं असतं. म्हटलं, यांना एकदा खऱ्या श्रीमंतांची, भरल्या घरांची वस्ती दाखवू.

निघताना वहिनीनं काखेला कापडी पिशवी अडकवली. आत घावणे, सुकी चटणी, आणि खाली वर्तमानपत्राच्या चार घड्यांत सुके बांगडे.

"हे कशाला?"

"परतताना गिरगावात आत्येकडे जाऊचा आसा मां? रिकाम्या हातानी जाव?"

चर्नी रोडला उतरून आम्ही कमला नेहरू पार्कची बस धरली. उभं राहायलाही जागा नव्हती. दोन थांब्यांत वहिनीच्या भोवती प्रशस्त जागा झाली आणि आम्ही सगळे बसलो. मी मुलांना मुद्दाम समुद्राच्या बाजूला बसवलं. "बघा, गिरगाव चौपाटी!"

बाबल्यानं बघितली. "आमचां खळां ह्येच्यापेक्षा मोठां," असं म्हणून तो पुढच्या सीटवरच्या बाईंच्या मोबाइलमध्ये बघू लागला.

वर पोचल्यावर पहिला मान म्हातारीच्या बुटाचा. मुंबईतल्या तीन पिढ्यांनी आपली पोरं या बुटात कोंबून फोटो काढले आहेत. माझाही एक फोटो आहे, त्यात मी रडतोय. आमच्या मनूनं गाइडचं काम हातात घेतलं आणि इंग्रजी बडबडगीतातली म्हातारी, तिची खंडीभर पोरं आणि बुटातला संसार ही सगळी हकीकत सांगितली. बाबल्या बुटाभोवती एक प्रदक्षिणा घालून आला.

"दुसरो खंय?"

"दुसरा काय?"

"बूट. म्हातारेक पाय दोन असतले मां?"

मनू गप्प. मीही गप्प. चाळीस वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. दादा गंभीरपणे म्हणाला, "पावसात व्हावत गेलो असतलो. बघूया, आमच्याकडे दर्यार लागता काय." आमच्या किनाऱ्याला ओंडके, बोये, तुटकी जाळी असं काय काय लागतं, त्यामुळे बाबल्याला ते पटलं.

समोरच हँगिंग गार्डन. पाटीवर सर फिरोजशहा मेहता यांचं नाव आहे, पण त्या नावानं टॅक्सीवाला येत नाही. 1881 ची ही बाग पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर वसवलेली आहे, दक्षिण मुंबईच्या नळांचं पाणी तिच्या खालून जातं, वगैरे मी सांगत होतो. बाबल्या कठड्यावरून ओणवा होऊन बाग कशाला लटकवली आहे ते शोधत होता. चिंगीला झुडपं कातरून केलेले प्राणी आवडले. हिरव्या हत्तीसमोर ती बराच वेळ उभी राहिली आणि मग तिनं विचारलं, "काका, हेका गुरां खायत नाय?" नाही खात, कारण इथं गुरं नाहीत, हे उत्तर तिला पुरेसं वाटलं नाही. गुरं नसतील तर हत्ती कोणासाठी वाढवलाय?

बाकावर घावणे सुटले. बागेबाहेर एक शहाळं ऐंशी रुपयांना मिळालं. त्यात दादानं सात स्ट्रॉ मागितल्या आणि ते तो अशा चेहऱ्यानं प्यायला, की जणू कोणी त्याच्याच माडावरून उतरवून त्यालाच विकलंय.

तिथून शेजारच्या झाडीत बांधलेली लाकडी उंच वाट. 2025 च्या मार्चमध्ये ती उघडली. ऑनलाइन वेळ घ्यावी लागते, माणशी पंचवीस रुपये. मी आठ दिवस आधी वेळ घेतली होती, त्याचा मला अभिमान होता. दादानं तिकीट उलटसुलट करून बघितलं.

"रानात चलाक पैशे?"

"सुंदर आहे रे. पक्षी दिसतात."

"मगे काटवणापर्यंत मी रोज चलतंय, माका कितके मिळाक व्हये?"

आत गेल्यावर मात्र तो बोलेना. खाली दाट झाडी, वर फांद्या, मधून चौपाटीचा तुकडा. लोक कुजबुजत चालत होते, दर दहा पावलांवर थांबून एकेका पानाचा फोटो घेत होते. वहिनीनं मला हळूच विचारलं, "हेंनी झाड बघूक नाय काय कधी?" समोरच्या बाईंनी मोठा श्वास आत घेतला, त्यांना सुक्या बांगड्याचा वास आला, आणि निसर्गाच्या इतक्या जवळ जायची त्यांची तयारी नसावी, असं दिसलं.

खरी गंमत त्यानंतर झाली. बाणगंगेपर्यंत पायी जाऊ, म्हणजे वाटेत बंगले बघता येतील, असं मी म्हटलं. मलबार हिलचे रस्ते दुपारी तीनला कसे असतात ते बघायला हवं. दोन्ही बाजूंनी उंच भिंती, वर बोगनवेल, बंद फाटकं, पडदे ओढलेल्या खिडक्या. एखादी गाडी येते, तीही आवाज न करता. फाटकाशी खुर्चीत एक माणूस.

एका भिंतीवरून आंब्याची फांदी बाहेर आली होती. दादा थांबला. देवगड हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तो इतर आंब्यांकडे फौजदारासारखा बघतो. त्यानं पान उलटं केलं, पालवी चिमटीत धरली. "रायवळ. तुडतुडो पडलोहा. फवारणी करूक कोण नाय." वॉचमन उठून उभा राहिला. दादानं त्याला कोणतं औषध, पंपाला किती, ते नीट सांगितलं. वॉचमननं मान डोलावली. माझ्या अंदाजानं त्याला मराठी येत नव्हतं.

मंत्र्यांचे बंगलेही याच टेकडीवर. 'देवगिरी'ची पाटी बाबल्यानं लांबून 'देवगड' अशी वाचली आणि आपण पोचलो असं जाहीर केलं. त्याला तिथून हलवायला मनूला बिस्किटाचा पुडा फोडावा लागला.

मग जिना हाउस. बाहेरून दिसतं ते फाटक आणि झाडी, पण मी उत्साहात होतो. जिनांनी 1936 मध्ये हे घर बांधलं, फाळणीच्या वेळी ते पाकिस्तानात गेले, पुढं ब्रिटिशांचं कार्यालय होतं, 1980 च्या दशकापासून कोणी राहत नाही, पाकिस्तान आपल्या वकिलातीसाठी मागतो, भारत देत नाही, आणि जिनांच्या कन्येनं 2007 मध्ये घर आपल्याला मिळावं म्हणून हायकोर्टात अर्ज केला. हे सगळं मी एका दमात सांगितलं. दादा शांतपणे ऐकत होता.

"म्हणजे भाऊबंदकी."

"तसं नाही रे, आंतरराष्ट्रीय..."

"भाऊ येगळे झाले, एक गेलो, घराक कुलूप, चेडू म्हणता माझां, दुसरो म्हणता माझां. आमच्या वरच्या घराचां काय येगळां आसा? सातबाऱ्यार कोणाचां नाव?"

फाळणीवर मी बरंच वाचलंय. इतका थोडक्यात गोषवारा कुठं मिळाला नव्हता.

इतका वेळ गप्प असलेल्या चिंगीनं तेवढ्यात मागं-पुढं बघितलं. "काका, हय माणसांच नाय."

"आहेत गं, आत आहेत."

"नाय. सगळ्या खिडक्यो बंद. दारात एक माणूस राखणेक बसलोहा. हीं सगळी मुंबैक गेली काय?"

"अगं, ही मुंबईच आहे!"

"मगे हीं खंय गेली?"

बायकोला मी आधीच दम भरला होता, की "किती शांत" म्हणायचं नाही. तिनं ओठ घट्ट मिटले होते, पण खांदे हलत होते. दादानं तेवढ्यात विषय मार्गी लावला. "गेली असतली भायर. चतुर्थेक येतली."

बाणगंगेला पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. इथं मात्र माणसं होती. पायऱ्यांवर पोरं, बदकं, दिवे विकणाऱ्या बाया. वहिनीनं आधी पाण्यात हात घातला आणि जिभेला लावला. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाणी गोड, हे तिला दिवसभरातलं पहिलं बघण्यासारखं वाटलं. मी शिलाहारांच्या अमात्यानं 1127 मध्ये तलाव बांधल्याचं सांगितलं, पोर्तुगीजांनी जुनं देऊळ पाडल्यावर 1715 मध्ये रामा कामतींनी वाळकेश्वर पुन्हा उभा केल्याचं सांगितलं. मग मूळ कथा. सीतेच्या शोधात निघालेला राम इथं थांबला, लक्ष्मणाला लिंग आणायला काशीला पाठवलं, त्याला उशीर झाला, म्हणून रामानं वाळूचंच लिंग केलं.

"वाळूचां?" बाबल्या म्हणाला. "भरतीक गेलां असतला." वाळूच्या कामात तो जाणकार आहे.

दादाची हरकत वेगळी होती. "काशीक कित्याक धाडल्यान? कोकणची काशी हय खाली कुणकेश्वराक. खडकात हव्यो तितक्यो पिंडी. दोन दिसांत झील परत इलो असतो."

तीन बत्तीला बसची वाट बघत उभे होतो, तेव्हा समोरून एक कुत्रा आला. सोनेरी, आमच्या बाबल्याएवढा उंच, आणि दोरीला धरून त्याच्या मागं ओढला जाणारा एक माणूस. कुत्र्यानं आम्हा सातांतून वहिनीची निवड केली. सरळ पिशवीत तोंड घातलं.

"हरक्या! हरक्या, सोड! सॉरी मॅडम, हर्क्युलिस नाव त्याचं, काही करत नाही... हरक्या, मेल्या, सोड म्हणतंय मां!"

दादाचे कान उभे राहिले. "गाव खंयचो?"

"मिठबाव."

पुढची दहा मिनिटं बस आली की गेली ते कोणी बघितलं नाही. कोणाची वाडी, कोणाचा मामा, यंदा शिवरात्रीला कोणत्या गावचे देव स्नानाला येणार, सगळं झालं. हरक्या पिशवीपुढं ध्यान लावून बसला होता. चिंगीनं त्या माणसाची बाही ओढली.

"काका, तुमच्या घरात कोण रवता?"

"घर? ता बंगलो. सायब लंडनाक, झील अमेरिकेक. हय मी, एक बाई आणि ह्यो."

"आणि तुम्ही काय करतास?"

"मी काय करतलंय? घर राखतंय. कचरो काढतंय, खिडक्यो उघडून वारो लावतंय."

चिंगीनं माझ्याकडे बघितलं. ती बोलली नाही, त्याची गरजही नव्हती. बाबल्यानं मात्र शेवटचा प्रश्न विचारून घेतलाच.

"सायब चतुर्थेक येतत?"

"नाय रे. नाताळात येतत. चार दिस. आणि म्हणतत, किती शांत आसा हय."

माझी बायको वळून समुद्राकडे बघू लागली. वहिनीनं वर्तमानपत्राची घडी उलगडली, आत्येच्या वाट्यातले चार बांगडे काढून त्या माणसाच्या हातावर ठेवले, आणि मग थोडा विचार करून पाचवा, लहानसा, हरक्याला दिला.