भोक स्थापत्यचे, पंखा विद्युतचा

चारचौघांत आपल्याजवळ काहीतरी वेगळे असावे, ही माझी जुनी हौस. पूर्वी ती परदेशी पेनावर भागायची. हल्ली माझ्या खिशात हवा मोजायचे यंत्र असते. काडेपेटीहून जरा मोठे, पांढरेशुभ्र. आत इन्फ्रारेड दिवा असतो. कार्बन डायऑक्साइड त्या प्रकाशाचा काही भाग गिळतो आणि किती गिळला त्यावरून आकडा येतो. हवेच्या दहा लाख भागांत किती भाग कार्बन डायऑक्साइड, तो आकडा. आमच्या गच्चीवर चारशेवीसच्या आसपास. हा आकडा मी पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतो.

वारसनोंदीसाठी सरकारी कार्यालयात खेटे घालणे नशिबी आले, तेव्हा लोक चिडतात तसा मी चिडलो नाही. उलट इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. एवढी गर्दी, एवढ्या बंद खिडक्या, आणि यंत्र फक्त माझ्याकडे! कोणीतरी विचारील, ‘काका, हे काय आहे हो?’ मग मी विषयाला हात घालीन, अशी सगळी तयारी होती.

चौकशीच्या खिडकीपाशी यंत्राने तेवीसशे दाखवले. मी ते सगळ्यांना दिसेल असे वर धरले. शिपाई म्हणाला, “साखरेचं मशीन का?” मी उत्तर द्यायच्या आत पुढच्या आजींनी बोट पुढे केले. त्यांच्या मागे दोघांनी बाह्या सरसावल्या. एका एजंटाने मात्र ‘रेकॉर्डिंग चालू आहे’ असे काहीतरी पुटपुटत काढता पाय घेतला. त्यामुळे रांग एका माणसाने पुढे सरकली. माझ्या यंत्राने जनतेचे केलेले एवढे एकच काम मी छातीठोकपणे सांगू शकतो.

इथे पेटेनकोफरबद्दल सांगायलाच हवे. (घाई असलेल्यांनी हा परिच्छेद गाळावा. आमच्या घरात सगळे गाळतात, आणि बायको त्याला ‘तुमचा तो पेढेकोफर’ म्हणते.) माक्स फॉन पेटेनकोफर या म्युनिकच्या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ साली हजाराची मर्यादा घालून दिली. खोलीतला आकडा हजाराच्या वर गेला की हवा माणसांना पुरत नाही, असे समजावे. कोंदटपणा नाकाने मोजता येत नाही, कारण नाक पाच मिनिटांत सरावते. सरकारी कार्यालयात तर ते नोकरीच सरावात काढते. म्हणून त्याने कार्बन डायऑक्साइडला धरले. एवढ्या प्रमाणात तो विषारी असतो म्हणून नव्हे. कोणी किती श्वास टाकला याची नोंद ठेवणारा तो खोलीचा तलाठी, म्हणून. पुढे कॉलऱ्यावरून या गृहस्थाचे जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखशी वाजले. निव्वळ जंतूने कॉलरा होत नाही, जमीन आणि भूजल यांचीही साथ लागते, हे सिद्ध करायला १८९२ साली वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी तो कॉलऱ्याच्या जंतूंचे पाणी चक्क प्यायला! पोट थोडे बिघडले, एवढेच. कॉलऱ्याच्या बाबतीत तो चुकला होता आणि हवेच्या बाबतीत बरोबर होता, पण दोन्ही वेळा सारख्याच ठामपणे बोलला. मला तो आवडतो तो याच गुणासाठी. हा माणूस आपल्याकडच्या चौकशीच्या खिडकीपाशी उभा राहिला असता तर काय काय प्यायला असता, या विचारात माझा नंबर एकदा निघून गेला.

तर तेवीसशे. आपण सोडतो त्या श्वासात हा वायू दहा लाखांत चाळीस हजारांच्या घरात असतो. हिशेब करा: त्या रांगेतल्या दर वीस श्वासांतला एक श्वास आधीच कोणाच्या तरी छातीतून जाऊन आलेला. एजंटाच्याही.

साहेबांच्या केबिनमध्ये मात्र पाचशेदहा. तिथे पूर्वेला मोठी उघडी खिडकी, बाहेर कडुनिंब, आणि आत माणूस एकच, तोही बहुधा मीटिंगला गेलेला. बाहेरच्या हॉलला एसी आहे, तेव्हा तिथे हवा उत्तम, असे साहेबांनी मला प्रेमाने सांगितले. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि खोलीतच परत सोडतो. बाहेरची हवा तो आणत नाही, हे मी त्यांना पेटेनकोफरसकट समजावले. त्यांनी ऐकून घेतले. मग बेल वाजवून माझे काम ‘रेकॉर्डला पाठवा’ म्हणाले.

रेकॉर्डची खोली तळमजल्यावर, जिन्याखालून आत. लाल फडक्यांत बांधलेले गठ्ठे छतापर्यंत. गाठ सोडली की धूळ उठते आणि बसायला जागा नसल्याने तशीच तरंगत राहते. तिथल्या बाईंनी माझा गठ्ठा खाली उतरवला, पदर नाकाला लावला, गाठ सोडली, खोकल्या, पान काढले, पुन्हा खोकल्या. माझ्या हातात यंत्र होते. त्यांनीही विचारले नाही. मीच आकडा वाचला आणि पहिल्यांदाच तो कोणाला दाखवावासा वाटला नाही.

“खिडकी नाही का इथे?”

“आहे की. त्या रॅकच्या मागे. पण फायली नाश करायची मंजुरी आल्याशिवाय रॅक हलवता येत नाही.”

जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, आणि क्षयाचे जंतू माणसाकडून माणसाकडे जातात ते हवेतूनच. हे सरकारच भिंतीवर पोस्टर लावून सांगते. असे एक पोस्टर त्याच खोलीच्या दारावर होते. जुन्या दगडी कचेऱ्यांत निदान छत उंच असते, वर झरोका असतो. दोरी तुटलेली असली तरी झरोका असतो. नव्या इमारतींत हवेचे वाटप वेतनश्रेणीने होते, आणि त्याबद्दल विनोद करायचा म्हटले तरी मला जमत नाही.

अर्ज मात्र जमतो. ‘रेकॉर्ड कक्षास एक्झॉस्ट पंखा मिळणेबाबत’ असा विषय घालून मी तो दिला. उत्तर आले की भिंतीला भोक पाडणे हा स्थापत्य शाखेचा विषय असून पंखा बसविणे विद्युत शाखेचा आहे, तरी अर्ज दोन्हीकडे वर्ग करण्यात येत आहे. स्थापत्यवाले आले आणि एका दुपारी भिंतीला चांगले घसघशीत भोक पाडून गेले. विद्युतवाल्यांचे अंदाजपत्रक मंजुरीत आहे.

वारसनोंदीचा उतारा घ्यायला गेलो तेव्हा भोकातून ऊन आत आले होते, कडेला कबुतराची काटकी पडली होती. यंत्राने नऊशे दाखवले. पेटेनकोफर पास! मी उत्साहात म्हणालो, “मॅडम, पंख्याचं मी स्मरणपत्र देतो. मंत्रालयापर्यंत जाऊ.”

बाई घाईने उठून जवळ आल्या.

“नका हो काका. विद्युतवाले पंखा बसवतील, पण कनेक्शन द्यायला यायचे नाहीत. आहे ते भोक तेवढं बुजेल.”