डिसेंबरचा परीक्षक

आमच्या कंपूत चौघे जण गेम खेळतात आणि एक जण परीक्षण करतो. त्याला आम्ही परीक्षकच म्हणतो. वय चाळिशीला टेकलेलं, घर कोथरूडला, नोकरी हिंजवडीला आणि उरलेलं आयुष्य या दोहोंच्या मध्ये, चांदणी चौकात. कपाळावर एक आठी असते. ती एरवी खासगी असते. डिसेंबर लागला की अधिकृत होते.

डिसेंबरात जगभरातली मंडळी वर्षातला सर्वोत्तम गेम ठरवतात आणि परीक्षकाला न विचारता ठरवतात, हे शल्य त्याला स्वस्थ बसू देत नाही. २०१४ पासून ‘द गेम अवॉर्ड्स’ नावाचा सोहळा होतो. लॉस एंजेलिसला गुरुवारी संध्याकाळी तो सुरू होतो, तेव्हा पुण्यात शुक्रवार उजाडत असतो. एरवी तीन गजरांना दाद न देणारा हा माणूस त्या दिवशी अंधारात उठून, अंघोळ उरकून लॅपटॉपसमोर बसतो. सासूबाई एकदा मुक्कामाला होत्या. त्यांना वाटलं, जावईबापूंनी काहीतरी अनुष्ठान धरलंय. त्यांनी समोर आणून ठेवलेला प्रसादाचा शिरा परीक्षकाने निकाल लागेपर्यंत खाल्ला नाही, तेव्हा त्यांची खात्रीच पटली.

तिथे नव्वद टक्के मत परीक्षक मंडळाचं आणि दहा टक्के जनतेचं असतं. ही विभागणी आमच्या परीक्षकाला तत्त्वतः मान्य आहे. आपली गणना चुकून दहा टक्क्यांत झालीय, एवढीच त्याची तक्रार.

डिसेंबरात दर शनिवारी अमृततुल्यात आमची बैठक असते. तिथे “यंदाचा बेस्ट गेम कोणता रे?” असं त्याला सरळ विचारायची सोय नाही. “आधी पात्रता ठरवू,” म्हणून तो बाही सावरतो. ‘हेडीस २’ मे २०२४ मध्ये अर्धामुर्धा विकायला आला आणि पुरा झाला सप्टेंबर २०२५ मध्ये. मग तो धरायचा कुठल्या वर्षात? यात दोन चहा जातात. तिसऱ्या चहाला जुनी जखम उघडते. ‘एल्डन रिंग’ला २०२२ चा पुरस्कार मिळून गेलेला असताना २०२४ मध्ये त्याच्याच पुरवणीला, ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ला, मुख्य पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं.

“गच्चीवर खोली चढवली म्हणून अख्ख्या इमारतीला नवं भोगवटापत्र देतात का रे?”

आमच्यातला एक जण आर्किटेक्ट आहे. तो म्हणाला, “ओळख असेल तर देतात.”

वादाला प्रतिपक्ष लागतो आणि तो आमच्याकडे भरपूर आहे. हा आर्किटेक्ट कष्टपंथी. बोटं दुखली नाहीत तर त्याला तो गेम वाटत नाही, टाइमपास वाटतो. ‘सेकिरो’मध्ये सोपं-अवघड निवडायची सोयच नाही आणि तरी, किंबहुना म्हणूनच, त्याला २०१९ चा पुरस्कार मिळाला, हे तो गेली सहा वर्षं ऐकवतोय. दुसरा निंटेंडोभक्त. त्याचं मशीन मेहुणीने सिंगापूरहून आणलंय. ‘डाँकी काँग बनान्झा’ हाच २०२५ चा गेम, असं तो ठामपणे सांगतो आणि ते खोडून काढायला दुसऱ्या कुणाकडे ते मशीनच नाही. त्यामुळे त्याचा मुद्दा दर शनिवारी बिनविरोध निवडून येतो. तिसरा परीक्षकाचा भाचा, वय वर्षं १९. तो फक्त मोबाइलवर खेळतो. २०२० च्या सप्टेंबरात पब्जीवर बंदी आली तेव्हा हा दोन वेळा जेवला नव्हता, असं त्याची आई सांगते. “मामा, तुम्ही गेमबद्दल बोलता खूप. पण खेळता कधी?” असा प्रश्न तोच विचारू शकतो.

अशा वेळी परीक्षक ठेवणीतलं शस्त्र काढतो : ‘मुस्तफा’. नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओ गेम पार्लरचा तो अंधार, तो घामट वास, कॉइनसाठी आईच्या पर्समधून केलेली उचल. त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ होतं, हे पार्लरमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. पिवळी टोपी घालून लाथ मारणारा मुस्तफा मात्र सगळ्यांना ठाऊक होता. “आम्ही एका रुपयात शेवटच्या राक्षसापर्यंत जायचो,” असं तो म्हणतो तेव्हा भाचा मोबाइलमध्ये डोकं घालतो. कारण एक रुपया ही रक्कम त्याला ऐतिहासिक वाटते.

भाच्याचा प्रश्न मात्र रास्त आहे. परीक्षकाला घर, ईएमआय आणि पाचवीतली मुलगी आहे. ‘बाल्डर्स गेट ३’ उतरवायला दीडशे जीबी जागा लागते आणि त्याच्या लॅपटॉपवर मुलीच्या स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ आहेत. ते काढायचे म्हटलं तर घरातून कोण निघेल, हे त्याला पक्कं माहीत आहे. पण त्याने तोड काढलीय. ‘स्टीम’ या गेमच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेला गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल आणि चौदा दिवस उलटले नसतील, तर पैसे परत मिळतात. परीक्षकाची सारी समीक्षा या दोन तासांत बसते. पावणेदोन तासांनी तो थांबतो, पैसे परत मागतो आणि शनिवारी येऊन सांगतो, “उत्तरार्धात गेम पडतो.”

पण त्याच्यातला पुणेकरही जागा असतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम काढला. सर्कशीत वाढलेली मुलगी राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते आणि तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगतात. लॉस एंजेलिसच्या त्या सोहळ्यात त्याला पदार्पणाच्या गेमचं नामांकनही होतं. बक्षीस ‘फॅस्मोफोबिया’ नावाच्या भुतांच्या गेमला गेलं. “देवांना डावलून भुतांना बक्षीस!” हा निषेध परीक्षक दरवर्षी नव्याने नोंदवतो. स्वतः ‘राजी’ पूर्ण केलास का, असं विचारलं की म्हणतो, “शेवटाला आलोय.” पाच वर्षं तो शेवटालाच आलाय.

२०२५ चं वर्ष त्याला फारच जड गेलं. ‘क्लेअर ऑब्स्क्यूर : एक्स्पिडिशन ३३’ या फ्रेंच गेमने मुख्य पुरस्कारासह एकूण नऊ पुरस्कार नेले. त्यात सर्वोत्तम स्वतंत्र, म्हणजे ‘इंडी’, गेमचाही. परीक्षक उसळला. “ज्यात हॉलिवूडचा अँडी सर्किस आवाज देतो, तो गेम इंडी? मग आमच्या सोसायटीचं गॅदरिंग प्रायोगिक रंगभूमी!” हे मुद्देसूद मांडायला त्याने सगळ्यांना घरी बोलावलं, लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि तिथेच घात झाला. स्टीम दर डिसेंबरला प्रत्येकाला त्याच्या वर्षभराच्या खेळाचा हिशेब दाखवतं. तो हिशेब पंचावन्न इंची पडद्यावर उघडला. वर्षभरातला बहुतेक सगळा वेळ एकाच गेमला गेला होता : २०१६ चा ‘स्टारड्यू व्हॅली’. शेती करायची, कोंबड्या पाळायच्या, गावातल्या लोकांना वाढदिवसाला भेटी द्यायच्या. परीक्षकाच्या वावरात भोपळ्यांच्या ओळी लागल्या होत्या. गोठ्यातल्या एका गायीला मुलीचं नाव होतं.

कष्टपंथीयाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. निंटेंडोभक्ताने भोपळे मोजायला घेतले. वहिनी पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या, पडद्याकडे पाहून म्हणाल्या, “कुंडीतल्या तुळशीला पाणी घाल म्हटलं तर वेळ नसतो याला.”

दुसरा कुणी असता तर खचला असता. परीक्षकाने आकडा काढला. “२०२४ मध्ये जगभरातल्या स्टीमवाल्यांनी त्या वर्षीच्या नव्या गेमना किती वेळ दिला, माहितीय? एकूण वेळाच्या पंधरा टक्के! बाकीचे सगळे जुनंच खेळत होते.” मुद्दा बिनतोड होता. खेळायचं जुनं आणि भांडायचं नव्यावरून, हा जगाचाच रिवाज आहे. भोपळे लावायला एकट्याने रात्री बसता येतं. भांडायला मात्र चार डोकी लागतात आणि डिसेंबर सोडला तर ती एका टेबलावर जमत नाहीत. त्याचा खरा आवडता गेम कुठला, हे त्या रात्री आम्हा सगळ्यांना कळलं. त्याला पैसे परत मागायची सोय नाही आणि त्याचा उत्तरार्ध कधी पडत नाही.

“मग तुझा निकाल काय?” कष्टपंथीयाने पोहे संपवत विचारलं.

परीक्षक उठून उभा राहिला. २०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी एकही एकांकिका त्या तोलाची नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नव्हता. त्या दिवसापासून ते त्याचे आदर्श आहेत. त्याच गांभीर्याने त्याने जाहीर केलं, “यंदा कुणालाच नाही.”

“आणि भोपळे?” भाच्याने विचारलं.

“ते स्पर्धेबाहेर.”

आता पुढच्या वर्षाची तयारी सुरू झालीय. ‘जीटीए ६’साठी कंपनीने १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केलीय आणि पुरस्कारांची पात्रता साधारण नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास संपते. चार दिवस इकडेतिकडे झाले तर हा गेम कुठल्या वर्षात धरायचा? गेम अजून बाजारात यायचाय. परीक्षकाची हरकत तयार आहे आणि शनिवारचं टेबल त्याने आत्ताच सांगून ठेवलंय.