बाराही महिने बारीक

कॅलरीवाले भाऊ पहाटे अंबाझरीच्या काठावर भेटले की "कसे आहात?" असं विचारायचं नसतं. "आज हाय की लो?" असं विचारायचं. हे भाऊ आता धरमपेठेपासून नंदनवनपर्यंत गल्लीगल्लीत एक तरी सापडतात. वय चाळिशीपुढे, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, टी-शर्ट एक नंबर लहान. व्रत असं: वजनं उचलायच्या दिवशी 'हाय', म्हणजे पोटभर भात-पोळी, आरामाच्या दिवशी 'लो', म्हणजे काकडी, ताक, उकडलेली अंडी आणि घरच्यांशी भांडण. असं आलटून पालटून खाल्लं की स्नायू टिकतात, चरबी उतरते आणि माणूस बाराही महिने बारीक राहतो. शास्त्र म्हणून यात फार वावगं काही नाही. आठवड्याची बेरीज जमली म्हणजे झालं. फक्त ही बेरीज नागपुरात करायची असते.

लोच्या दिवशी भाऊंना पोह्यांच्या ठेल्यावर पाहावं.

"हाफ पोहे दे. तर्री नको."

"तर्रीबिना पोहे कोण खाते भाऊ?" असं म्हणेपर्यंत ठेलेवाल्याचा हात सवयीनं पडलेला असतो. भाऊ प्लेट तिरपी करतात. चमच्याच्या कडेनं लाल तेल हळूहळू एका कोपऱ्यात ओढून नेतात. "एका ग्रॅमले नऊ कॅलरी," ते आपल्याला सांगतात, आणि कोरड्या बाजूनं खायला लागतात. अर्ध्यात त्यांना आठवतं की तर्रीत चणे असतात, चण्यात प्रोटीन असतं, आणि लोच्या दिवशी प्रोटीन कमी पडून चालत नाही. "चणे टाक न थोडे." चणे कधी एकटे येत नाहीत. शेवटी कोपऱ्यातलं तळंही संपतं, कारण अन्न टाकणं भाऊंच्या संस्कारात बसत नाही.

घरी आईची चतुर्थी आणि भाऊंचा लो एकाच दिवशी आला, की भाऊ आईबरोबर उपास धरतात. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. हे सगळं वहीत लोच्या खात्यावर जमा होतं. उपास तो उपास!

वजनकाट्याशी त्यांचं नातं वकिली आहे. भात सोडला की शरीरातला ग्लायकोजेनचा साठा उतरतो, आणि त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं, तेही जातं. त्यामुळे दोन लो सलग झाले की काटा किलोभर खाली येतो. भाऊ ती चरबी म्हणून जाहीर करतात. रविवारी वडाभात होतो, सोमवारी किलो परत येतो. "पाणी आहे ते," भाऊ म्हणतात. गेली की चरबी, आलं की पाणी.

अंबाझरीवर दुसरा पंथ आहे तो दोनदाच जेवणाऱ्यांचा: पंचावन्न मिनिटांत ताटावरून उठायचं, मधे काही नाही. भाऊंना तो पंथ मान्य नाही, पण डॉ. जगन्नाथ दीक्षितांबद्दल ते वावगा शब्द काढत नाहीत. दीक्षितांना ही दिशा डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून मिळाली, आणि जिचकार आपले काटोलकडचे. डॉक्टरकी, आयपीएस, आयएएस, वीसेक पदव्या आणि १९८० साली आमदारकी, एवढं एका जन्मात बसवणाऱ्या माणसानं वजनावरही बोलून ठेवावं, याचा भाऊंना अभिमान आहे. शिस्त कोणाचीही असो, ती मूळची नागपूरची निघाली म्हणजे झालं.

खरी अडचण आमंत्रणांची. भाऊंचे हाय सोम, बुध, शुक्र. पण साक्षगंध रविवारी निघतं, सावजीचा बेत शनिवारी ठरतो आणि ऑफिसात कोणाला बढती मिळाली की संत्रा बर्फी मंगळवारीच येते. मग लो पुढे ढकलावा लागतो. सावजीला जायच्या आधी दुपारी लेग-डे उरकून घेतात: पहिले स्क्वॉट, मग मटण. रश्श्याचा दुसरा घोट गेला की कपाळावरून धारा लागतात. "पाह्यलं? बर्न होऊन राह्यलं," असं म्हणून तिसरी भाकर घेतात. वहीत मात्र लबाडी नाही. ढकललेला प्रत्येक लो तारखेसह लाल शाईत 'येणे बाकी' म्हणून उतरलेला असतो.

ही बाकी भाऊ वर्षानुवर्षं मे महिन्यात फेडत आले. पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की नागपुरात कूलरसमोर बसून आंब्याच्या पन्ह्याशिवाय काही गळ्याखाली उतरत नाही. लो आपोआप होतात. पण २०२६ मध्ये १७ मेपासून अधिक ज्येष्ठ आहे. अमरावतीच्या सासूबाईंनी जावयाला धोंड्याचं जेवण आणि तेहतीस अनारसे असा निरोप मार्चमध्येच धाडला. तेहतीस अनारशांना किती लेग-डे लागतील, याचा हिशेब भाऊंनी मांडायला घेतला आहे.