बारमाही काका

काका कॅनडातल्या मिसिसागात राहतात. सप्टेंबर उजाडला की त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टायरच्या नक्षीची खोली मोजायचं माप येतं. मंडळाच्या गणपतीत आरती संपली की लोक मोदकाच्या रांगेला लागतात, काका पार्किंगच्या. एकेका गाडीच्या चाकापुढे कमरेत वाकतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय भाविक माणूस! प्रत्यक्षात मापाची सुई खाचेत उतरवून ते पुटपुटत असतात, "४ बत्तीसांश इंच. बर्फाला निदान ६ तरी हवेत. संपला हा."

साताऱ्यात त्यांच्या वडिलांनी स्कूटरचा टायर पार गोटा होऊन आतला धागा दिसेपर्यंत वापरला. त्याच घरातल्या मुलानं मोठी गाडी घेतली ती २० इंची रिमवर, २७५ मिलिमीटर रुंद टायरांची. चिरंजीव म्हणाले, भारी दिसते. दिसतेच. पण बर्फ दिसण्यावर जात नाही. रुंद टायर ताज्या बर्फावर वजन पसरून बसतो, अरुंद टायर खाली रुततो आणि रस्ता गाठतो. भाकरीखाली उलथनं सरकतं, तळहात सरकत नाही, हे काकांचंच उदाहरण. त्यांनी ते माझ्या मुलीच्या बारशात दिलं.

हिवाळ्याचा वेगळा जोड घ्यायचा तर उन्हाळाभर तो ठेवायला गॅरेजमध्ये जागा हवी, आणि तिथे काकूंची लोणच्याची बरणी आहे. म्हणून बारमाही, म्हणजे 'ऑल-वेदर' टायर. त्याचं रबर ७ अंशांखालीही लाकडासारखं होत नाही आणि जुलैत फार लवकर झिजतही नाही. हे आणि 'ऑल-सीझन' एकच, असं चुकून म्हणालात तर जेवायला थांबावं लागेल. "अरे, त्यावरचं 'एम अँड एस' हे तर नुसत्या नक्षीवरून छापतात! तीन शिखरं आणि आत हिमकण, ते चिन्ह बघायचं. ते बर्फावरच्या परीक्षेत पास झाल्याशिवाय मिळत नाही." मग आवाज खाली. "पण परीक्षा गाडी सुटते कशी याची. थांबते कशी, हे कोणी विचारतच नाही."

काकांनी ते विचारायचं ठरवलं आणि तक्ता केला. १४ टायर, २२ रकाने. माणूस मुलीला स्थळं बघताना इतकं बघत नाही. एक पावसात उत्तम पण गुरगुरतो, दुसरा मुका पण बर्फात लाजतो, तिसरा सर्वगुणसंपन्न, तर तो २७५ मध्ये निघतच नाही. मी भाबडेपणानं म्हणालो, "काका, ब्रेकवर बसत असेल तर १८ची रिम घ्या, टायरही अरुंद मिळेल." त्यांनी माझा हात हातात घेतला आणि दुसरा तक्ता उघडला.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. काकूंनी चाकाखाली लिंबू ठेवलं, गाडी पुढे गेली. काका खाली बसून चोथा किती रुंद पसरला ते बघत राहिले, हातातलं कुंकू तसंच.

काकूंची जुनी कोरोला, टायर १९५. मागच्या वर्षी त्या एकट्याच दुकानात गेल्या, "तो डोंगरवाला द्या" म्हणाल्या आणि कॉफी संपायच्या आत टायर बसवून आल्या. काका दोन दिवस जेवले नाहीत, असं म्हणतात. तुलना न करता घेतले!

नोव्हेंबरात रात्रीतून वीतभर बर्फ पडला. दुकानात फोन लावला तर तीन आठवड्यांनंतरची तारीख. काकांची गाडी घरापुढच्या उतारावर जागच्या जागी चाकं फिरवत, सुनेच्या माहेरी गेलेल्या विहिणीसारखी तोंड फिरवून आडवी झाली. काकूंनी काही न बोलता कोरोला काढली. काका शेजारी बसले, तक्त्याची घडी मांडीवर. गाडी बर्फ चिरत कोपऱ्यापर्यंत गेली.

"बघितलंस? अरुंद टायर खाली रुततो. मी म्हणतच होतो."

"अहो, पट्टा लावा," काकू म्हणाल्या.